एक मिलीमीटरची करकर: लाकडी जमीन बोलते का आणि गप्प कशी बसते

आई पहाटे सव्वाचारला उठते. पुण्यात उठायची, न्यू जर्सीत आली तरी उठते. आमच्याकडे राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात तिचा सगळा दिनक्रम आम्हाला खालच्या खोलीत पडल्या पडल्या कळायचा. पलंगावरून उतरली, कर्र. कपाटापाशी गेली, कर्र-कुर्र. बाथरूमच्या दाराशी एक लांबलचक कऽऽर्र. चौथ्या दिवशी चहा घेताना ती म्हणाली, “अरे, घर फार जुनं नाही म्हणालास ना? मग याला संधिवात कसा झाला?”

प्रश्न रास्त होता. तीस वर्षांचं कर्ज काढून घेतलेल्या घरात रात्री पाणी प्यायला उठलं की चोरासारखं पाऊल टाकावं लागतं, हे भारतातून आलेल्या माणसाला पटत नाही. आपल्याकडे स्लॅबवरच्या फरशीचे दोष वेगळे असतात, पण ती बोलत नाही.

त्याच वर्षी वरच्या खोलीतला गालिचा काढून लाकडी पट्ट्या घालायच्या होत्या. गालिचा उचलल्यावर खालच्या शीटही काढून नव्याने बसवायचं ठरलं. सुतार काम करत होता आणि मी चार दिवस त्याच्या पायात पायात करत होतो. तेव्हा जे पाहिलं आणि पुढे वाचून पडताळलं, ते इथे सांगतो.

## आधी सांगाडा

अमेरिकेत आणि कॅनडात बहुतेक एकमजली-दुमजली घरं लाकडी सांगाड्यावर उभी असतात. आपल्याकडे दोन मजल्यांच्या मध्ये स्लॅब असतो. इथे त्या जागी धारेवर उभ्या ठेवलेल्या जाड फळ्यांची रांग असते. एका फळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत बहुधा १६ इंच. या फळ्यांना जॉइस्ट म्हणतात. जुना वाडा ज्यांनी आतून पाहिलाय, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. आपल्या कडीपाटातल्या कड्या त्या याच. म्हणून यापुढे मी कडी हाच शब्द वापरणार आहे.

कड्यांवर ४ फूट बाय ८ फुटांच्या शीट बसवतात, प्लायवूडच्या नाहीतर ओएसबीच्या. ओएसबी म्हणजे लाकडाचे चपटे ढलपे चिकट रसायनात दाबून केलेली शीट. जवळून पाहिली तर दडप्या पोह्यांची वडी थापल्यासारखी दिसते. जाडी साधारण १८ मिलीमीटर. ८ फूट म्हणजे ९६ इंच, त्याला १६ ने भागलं की बरोबर ६, म्हणून शीटचं टोक नेमकं कडीवर येऊन टेकतं. शीटच्या या थराला सबफ्लोर म्हणतात. त्याच्यावर मग गालिचा, लाकडी पट्ट्या, टाइल, म्हणजे घर बघायला गेल्यावर आपण ज्याचा रंग बघतो ते सगळं.

## करकर येते कुठून

लाकूड स्वतःहून ओरडत नाही. आवाज येतो तो दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की. आणि त्यातही त्या गुळगुळीत सरकल्या तर नाही, अडकत-सुटत सरकल्या तर. फळ्यावर खडू चुकीच्या कोनात धरला की किंचाळतो तो याच कारणाने. व्हायोलिनचा गज तारेला असाच क्षणोक्षणी धरतो आणि सोडतो. नवी कोल्हापुरी चालताना वाजते ती अशाच घर्षणातून. फरक इतकाच की चपलेची करकर लोक हौसेने मिरवतात.

जमिनीच्या बाबतीत घासणारी जोडी बहुतेक वेळा एकच असते: शीट आणि तिला कडीशी धरून ठेवणारा खिळा. शीट आणि कडी यांच्यामध्ये बारीकशी फट पडलेली असते. पाय पडला की शीट खाली जाते, पाय उचलला की वर येते, आणि दर खेपेला खिळ्याच्या दांड्यावर घासते. दांडा धातूचा आणि भोक लाकडाचं. कर्र.

दुसरा गुन्हेगार त्याहून मजेशीर आहे. आमच्या तळघरात वरच्या कड्या उघड्याच दिसतात. तिथे सुताराने टॉर्च मारली तर कडीच्या अगदी बाजूला, लाकडात न शिरता, खिळ्यांची चकचकीत टोकं लोंबत होती. मूळ कारागिराने वरून अंदाजाने खिळे मारले होते आणि त्यातले काही कडीला चुकवून शेजारून खाली उतरले होते. इकडे सुतारांमध्ये अशा खिळ्याला शायनर म्हणतात, चमकणारा. तो काहीच धरून ठेवत नाही, फक्त कडीच्या अंगाला घासत बसतो. नसता तर बरं झालं असतं असा खिळा.

याखेरीज कड्यांची टोकं ज्या पत्र्याच्या खोबणीत बसतात ती खोबण, दोन शीट जिथे भिडतात ती कड, कडीला खेटून गेलेली एअर कंडिशनिंगची पत्र्याची नळी, हेही आवाज करतात. पण मूळ एकच: जिथे घट्ट बसायला हवं होतं तिथे थोडी ढिलाई आहे.

## पण नव्या घरात ढिलाई आली कशी?

इथे सगळी गंमत आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

बांधकामाला येणारं लाकूड ‘कोरडं’ असा शिक्का मारून येतं. कोरडं म्हणजे त्यात जास्तीत जास्त १९ टक्के ओलावा. घर बांधून झालं, लोक राहायला आले, थंडीत हीटर लागला की तेच लाकूड वाळत वाळत ८ टक्क्यांच्या आसपास येतं. लाकूड वाळलं की आडव्या अंगाने आकसतं. ढोबळ हिशोब असा की ओलावा ४ टक्क्यांनी उतरला की आकार १ टक्क्याने कमी होतो. म्हणजे ११ टक्क्यांच्या घसरणीत पावणेतीन टक्के.

आता इथली नेहमीची कडी घ्या. तिला टू बाय टेन म्हणतात, पण प्रत्यक्षात ती दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच उंच असते, म्हणजे २३५ मिलीमीटर. तिचे पावणेतीन टक्के म्हणजे सहा-साडेसहा मिलीमीटर. घर उभं राहिल्यावर पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत ती एवढी बुटकी होते.

सगळ्या कड्या सारख्याच बुटक्या झाल्या तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते खिळ्यामुळे. अडीच इंची खिळ्याचा वरचा १८ मिलीमीटर भाग शीटमध्ये असतो, उरलेला ४५ मिलीमीटर कडीत. कडीतल्या त्या ४५ मिलीमीटर लाकडाने आपले पावणेतीन टक्के आकसून घेतले, म्हणजे सव्वा मिलीमीटर. लाकूड आकसलं, खिळा लोखंडाचा, तो आहे तेवढाच राहिला. त्याचं टोक खोलवर पकडलेलं आहे आणि वरून कडी खाली सरकली आहे. खिळ्याचं डोकं आणि कडीची धार यांच्यातलं अंतर सव्वा मिलीमीटरने वाढलं. तेवढ्यात आता शीट वर-खाली नाचणार.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे म्हातारपणी बांगडी ढिली होते तसं.” मला याहून चांगली उपमा सुचलेली नाही. बांगडी तीच असते, हात वाळतो.

या हिशोबातून एक उलटं वाटणारं सत्य निघतं. खिळा जितका लांब, तितकी पुढे फट मोठी. “अजून एक इंच लांब खिळा मारा, म्हणजे घट्ट बसेल” हा सल्ला आपण सगळेच देतो आणि तो चुकीचा आहे.

अलीकडच्या अनेक घरांत कड्या ‘आय’ या इंग्रजी अक्षराच्या आकाराच्या असतात, कारखान्यात तुकडे चिकटवून केलेल्या. त्या आधीच चांगल्या वाळलेल्या असतात आणि आकसतात कमी. पण चुकलेला खिळा त्यांनाही चुकतोच.

## मग शीट बसवताना काय करायचं

उत्तर एका शब्दात: चिकटवायची. खिळे-स्क्रू हवेतच, पण करकर थांबवण्याचं खरं काम सबफ्लोरच्या गोंदाचं. मोठ्या नळीतून बंदुकीने सोडायचा हा दाट गोंद कडीच्या वरच्या धारेवर लावतात. बाटलीतला पांढरा फेविकॉल नव्हे.

गोंद का महत्त्वाचा, ते वरच्या हिशोबातच आहे. खिळा खोलवर धरतो, गोंद पृष्ठभागावर धरतो. कडी वाळून खाली गेली तर गोंदाने धरलेली शीट तिच्याबरोबर खाली जाते. फार तर खिळ्याचं डोकं किंचित वर दिसेल. शीट आणि कडी यांच्यात फट पडत नाही, आणि फट नाही तर घासायला जागा नाही.

आमच्याकडचा सुतार हे काम कसं करत होता ते सांगतो, कारण चुका होतात त्या सगळ्या या अर्ध्या तासातच.

आधी त्याने कड्यांच्या धारा झाडून काढल्या. जुन्या गोंदाचे टेकाड तासले, जुने खिळे उपटले. एक लांब सरळ पट्टी कड्यांवर आडवी ठेवून कुठली कडी वर आली आहे ते पाहिलं आणि त्या जागी रंधा मारला. कडी थोडी जरी वर-खाली असेल तरी शीट तिच्यावर नीट टेकत नाही, आणि न टेकलेली शीट हीच उद्याची करकर. मग त्याने गोंदाची पाव इंच जाडीची सलग धार सोडली. सलग, मध्ये मध्ये टिकल्या नव्हे. जिथे दोन शीटची टोकं एकाच कडीवर भेटणार होती तिथे दोन धारा. हे मला आधी उधळपट्टी वाटलं. मग लक्षात आलं की दीड इंचाच्या धारेवर दोन शीट टेकणार, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम पाऊण इंच. एकच धार मधोमध सोडली तर ती नेमकी दोघींच्या मधल्या फटीत जाईल आणि कोणालाच चिकटणार नाही.

त्याने एका वेळी एकाच शीटपुरता गोंद लावला. पुढच्या चार शीटचा आधीच लावून ठेवला असता तर काम भरभर झाल्यासारखं दिसलं असतं, पण गोंदावर साय धरते आणि साय धरलेला गोंद चिकटल्याचं नुसतं सोंग करतो. पाणी साचलेल्या किंवा थंडीत वर बर्फ धरलेल्या लाकडावरही तसंच.

शीटची लांब बाजू कड्यांना काटकोनात. पुढच्या ओळीचे सांधे मागच्या ओळीच्या सांध्यांसमोर येऊ द्यायचे नाहीत. गवंडी विटांच्या कामात सांधेमोड करतो तीच ही. शीटच्या लांब कडांना एका बाजूला जीभ आणि दुसऱ्या बाजूला खाच असते. खाचेत गोंदाची बारीक धार सोडून जीभ आत बसवतात आणि बाहेरून लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडा मारतात. ठोकळा न धरता थेट शीटवर घातला की कड चेपते आणि पुढची शीट बसत नाही.

टोकाला मात्र शीट एकमेकींना भिडवायच्या नाहीत. आठांश इंच, म्हणजे तीन मिलीमीटर फट ठेवायची. सुताराने दोन शीटच्या मध्ये एक खिळा उभा धरला, त्याच्या जाडीएवढी फट सोडली आणि खिळा काढून घेतला. आम्ही बाजूला उभे राहून मनातल्या मनात “अरे, फट राहिली” म्हणत होतो. पण शीटही पावसाळी दमट हवेत फुगते. फुगायला जागा नसेल तर सांध्यावर उंचवटा येतो आणि दोन कडा एकमेकींवर घासायला लागतात.

शेवटी स्क्रू. त्याआधी सूत मारून घ्यायचं. म्हणजे रंगाची दोरी ताणून शीटवर टिचकी मारायची की खाली कडी कुठून जाते त्याची सरळ रेघ उमटते. एवढ्याशा कामाने शायनर टळतात, आणि एवढंसं कामच घाईत राहून जातं. शीटच्या कडांना दर ६ इंचांवर आणि मधल्या कड्यांवर दर १२ इंचांवर स्क्रू. मारताना गुडघा शीटवर दाबून, म्हणजे शीट आणि कडी यांच्यात आधीच फट राहायला नको. स्क्रूचा वरचा, डोक्याखालचा भाग बिनआट्याचा हवा. पूर्ण आट्यांचा स्क्रू शीटलाही पकडतो आणि कडीलाही, मग दोघींना जवळ ओढण्याऐवजी आहे त्या अंतरावर अडकवून ठेवतो. घरात पडलेले जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू वापरायचा मोह होतो. ते ठिसूळ असतात, डोकं पटकन तुटतं.

## “स्क्रू दुप्पट मारले तर गोंदाची कटकट कशाला?”

हा प्रश्न मीच विचारला होता. स्क्रू खिळ्यापेक्षा नक्कीच चांगला. आटे कडीतल्या लाकडाला सगळ्या लांबीभर धरतात, त्यामुळे तो सहजासहजी वर येत नाही. पण दोन स्क्रूंच्या मधल्या जागेत शीट मोकळीच असते. गोंद सलग धरतो. शिवाय शीट आणि कडी एकजीव झाल्या की दोघी मिळून एका जाड तुळईसारखं वागतात आणि जमीन चालताना कमी लवते. फायदा नुसत्या आवाजाचा नाही.

एक तोटा मात्र मान्य केला पाहिजे. चिकटवलेली शीट पुन्हा काढायची वेळ आली तर ती तुकड्या-तुकड्यांनीच निघते, आणि काढणारा माणूस तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालतो.

## आता दुसरा आवाज: धपधप

इथपर्यंत करकरीचं झालं. पण “जमिनीचा आवाज” म्हणताना लोक दोन अगदी वेगळ्या दुखण्यांना एकच नाव देतात, आणि बहुतेकांचे पैसे वाया जातात ते इथे. करकर जमिनीतच जन्मते. धपधप तुमच्या टाचेतून येते, जमीन फक्त ती खाली पोचवते. पहिलीवर औषध घट्टपणा. दुसरीवर घट्टपणाने काही होत नाही, उलट सगळं घट्ट जोडलेलं असलं की टाचेचा दणका कडीतून थेट खालच्या छतात उतरतो.

धपधप थांबवायला तीन गोष्टी लागतात: वजन, तोडलेला रस्ता आणि पोकळीत काहीतरी मऊ. जड वस्तू सहज हलत नाही, म्हणून वजन. खालचं छत कड्यांना थेट न ठोकता लवचिक पत्र्याच्या पट्टीवर टांगायचं, म्हणजे रस्ता तुटला. कड्यांच्या मधल्या पोकळीत काचलोकर किंवा दगडी लोकर भरायची, म्हणजे पोकळी ढोलासारखी घुमत नाही. यात एक मेख आहे. टांगलेल्या छतातला एखादा स्क्रू जरी जास्त लांब होऊन थेट कडीत घुसला, तरी त्या जागी दणक्याला पूल मिळतो.

वजनाचं मोल आपल्या जुन्या बांधणाऱ्यांच्या कामात दिसतं. अनेक वाड्यांत कडीपाटावर मातीचा जाड थर असतो आणि वर सारवण. तो थर फळ्यांच्या फटी बुजवायचा आणि वर पळणाऱ्या पोरांची धपधपही गिळायचा. इथल्या लाकडी अपार्टमेंट इमारतींत तेच काम इंच-दीड इंच जाडीचं ओतीव जिप्सम करतं. मात्र हे घरच्या घरी करायचं काम नाही. इंचभर थराचं वजन चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरतं. १२ बाय १२ च्या खोलीत सहाशे किलोंच्या वर. कड्यांना ते पेलेल का, हे इंजिनिअरनेच सांगायचं.

अमेरिकेच्या नमुना बांधकाम नियमांनुसार दोन वेगळ्या कुटुंबांच्या मधल्या जमिनीला किमान ५० गुण लागतात, बोलण्यासारख्या हवेतून येणाऱ्या आवाजासाठी वेगळे आणि आदळण्याच्या आवाजासाठी वेगळे. प्रत्यक्ष इमारतीत मोजलं तर ४५ चालतात. एकाच कुटुंबाच्या घरात, म्हणजे तुमच्या झोपण्याच्या खोलीच्या आणि तुमच्याच दिवाणखान्याच्या मध्ये, अशी काही अट नाही. म्हणूनच बिल्डर तिथे सर्वात स्वस्त पर्याय वापरतो, आणि तसं करून तो कुठलाही नियम मोडत नसतो.

हे आदळण्याचे गुण मोजतात कसे, तेही बघण्यासारखं आहे. अर्धा अर्धा किलोच्या पाच धातूच्या हातोड्या असलेलं एक यंत्र जमिनीवर ठेवतात. त्या हातोड्या ४ सेंटीमीटरवरून पडतात, सेकंदाला १० ठोके. खाली माईक. म्हणजे मोजली जाते ती मुख्यतः टकटक, सँडलच्या टाचेसारखी. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या टाचेचा दबका, खोल धप्प त्यात नीट पकडला जात नाही. आपण घरात चपला काढून वावरणारी माणसं. त्यामुळे उत्तम गुण मिळवलेल्या इमारतीतही खालचे शेजारी तक्रार घेऊन आले, तर ते खोटं बोलत आहेत असं समजू नका.

## “जाड फोम अंथरला की दोन्ही आवाज जातील ना?”

दुकानात हेच सांगतात. वरच्या थराखाली अंथरायचा फोम टकटक बऱ्यापैकी कमी करतो. धपधप त्याने फारशी जात नाही, कारण त्यात वजन नाही. आणि करकर? एकमेकींत अडकवायच्या पट्ट्यांखाली फोम फार जाड किंवा फार मऊ असेल तर प्रत्येक पावलाला पट्टी खाली दबते, तिचा नाजूक सांधा वाकतो, आणि काही महिन्यांनी तोच करकरायला लागतो. एका दुखण्याचं औषध दुसरं दुखणं घेऊन येतं ते असं. पट्टी बनवणारी कंपनी जेवढ्या जाडीचा फोम सांगते तेवढाच घ्यायचा. काही पट्ट्यांना तो पाठीमागे आधीच चिकटवलेला असतो, त्यांच्याखाली आणखी अंथरायचा नसतो.

जमीन लवते त्याचं काय, असंही कोणी विचारेल. नियमांप्रमाणे कडीची लांबी भागिले ३६० एवढं लवणं चालतं, तेही माणसं-सामानाचा जेवढा भार नियमात धरलेला असतो तेवढा सगळा असताना. १६ फुटांच्या कडीला हे साडेतेरा मिलीमीटर भरतं. म्हणजे कपाटातली भांडी किणकिणली तरी घर नियमात बसलेलं असू शकतं. ते फोमने सुधारत नाही, शीटच्या स्क्रूंनीही नाही. कड्याच जास्त उंचीच्या किंवा जवळ जवळ लावायला हव्या होत्या.

## घर बांधून झालंय, त्याचं काय?

सगळ्यांना शीट काढून बसवणं परवडत नाही. अनेक घरांत त्याची गरजही नसते.

आधी करकर कुठे आहे ते शोधा. एकाने वर चालायचं, एकाने खाली उभं राहून ऐकायचं. हे काम मुलांना द्या, मजेत करतात. खालून कड्या उघड्या दिसत असतील तर नशीब चांगलं. शीट आणि कडी यांच्या फटीत गोंद लावलेली पातळ पाचर हळूच सरकवायची. हातोड्याने ठोकून बसवायची नाही. ठोकली की ती शीटला उचलते आणि फूटभर पलीकडे नवी फट तयार होते. करकर थांबली नाही, फक्त तिचा पत्ता बदलला. शायनर दिसले तर खालूनच कापून टाकायचे.

खालून बंद असेल आणि वर गालिचा असेल तर गालिच्यावरूनच मारायचे खास स्क्रू मिळतात. आत गेल्यावर त्यांचं डोकं शीटच्या पातळीखाली मोडून टाकतात, त्यामुळे गालिच्यावर खूण राहत नाही. आमच्या जिन्याच्या दोन पायऱ्या मी तसल्याच स्क्रूंनी गप्प केल्या. फटीत टाल्कम पावडर सोडण्याचा उपायही चालतो. तो किती दिवस टिकतो हे विचारू नका.

स्क्रू मारण्याआधी खालून पाण्याचे किंवा विजेचे मार्ग जात नाहीत ना, याची खात्री हवीच. आणि घर १९८० च्या आधीचं असून गालिच्याखाली ९ इंची चौकोनी टाइल निघाल्या, तर हातोडा खाली ठेवा. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तपासणी करून घेतल्याशिवाय त्या उचकटायच्या नाहीत.

थंडीत करकर वाढते आणि उन्हाळ्यात जाते असं असेल, तर हीटरमुळे लाकूड वाळतंय. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, लावून पाहा, सुताराला बोलावण्यापेक्षा स्वस्त पडतं.

## पुण्या-मुंबईच्या स्लॅबवर यातलं काय लागू?

करकरीचा लाकडी भाग लागू नाही. पण हल्ली जुन्या फरशीवरच लॅमिनेटच्या किंवा एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) पट्ट्या घालायची पद्धत जोरात आहे, आणि वर्षभरात “पट्ट्या वाजतात” असं म्हणणारे नातेवाईक माझ्याकडेच चार आहेत. तिथे कारणं तीन. खालची फरशी समतल नाही. दहा फुटांची सरळ पट्टी ठेवली तर तिच्याखाली साधारण ५ मिलीमीटरपेक्षा जास्त खळगा नको. भिंतीच्या कडेने फट सोडलेली नाही. बहुतेक कंपन्या ८ ते १० मिलीमीटर सांगतात, आणि ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, त्यामुळे दिसते म्हणून भरून टाकायचं कारण नाही. तिसरं, आख्खं वॉर्डरोब पट्ट्यांवर उभं करून त्यांना खिळवून टाकलं आहे. पट्ट्यांना कोकणातल्या पावसाळ्यात सरकायला जागा हवी. ती नाही मिळाली की त्या उचलल्या जातात, खाली पोकळी होते आणि पाय पडला की टक्क.

स्लॅबमधून येणाऱ्या दणक्यावर मात्र सर्वात स्वस्त इलाज उगमापाशीच असतो. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या. खलबत्त्याखाली घडी घातलेलं जाड पोतं. वरच्या काकूंना हे कोणी सांगायचं, तो प्रश्न या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

आमची वरची खोली आता शांत आहे. बाथरूमच्या दाराशी एक कुर्र मात्र राहिली. तिथे शीट भिंतीच्या तळपट्टीखाली आत गेलेली आहे आणि ती मोकळी करायची तर बाथरूमच्या टाइल फोडाव्या लागतील. टाइलचा खर्च ऐकून मी माघार घेतली. आईला ती जागा पाठ झाली आहे. पहाटे सव्वाचारला ती दाराच्या डाव्या बाजूने वळसा घालून आत जाते.